पाच किलोमीटर म्हणजे किती?

"यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी द्या. फक्त पानिपत नको, ते दर दोन वर्षांनी येतेच," असा संपादकांचा निरोप आला. दिल्लीतल्या मराठी माणसाला पानिपत टाळून इतिहास लिहायला सांगणे म्हणजे उपासाला साबुदाणा वर्ज्य करण्यासारखे आहे. तरी प्रयत्न करतो. विषय निवडला आहे तो वाटांचा. म्हणजे एखादी वाट कशी आहे हे दुसऱ्याला कसे सांगावे, आणि आपल्याकडे पूर्वी ते कसे सांगत, याचा. विषय कोरडा वाटेल. मलाही वाटला असता, पण २००८ च्या मे महिन्यात आमच्या आत्यामुळे तो मला चिकटला तो चिकटलाच.

त्या वर्षी आपल्यापैकी बत्तीस जण मिळून यमुनोत्री-गंगोत्रीला गेलो होतो. बस एका प्रवास कंपनीची होती. कंपनीने प्रत्येकाच्या हातात छापील पत्रक दिले होते आणि त्यात यमुनोत्रीपुढे लिहिले होते, "जानकी चट्टीपासून ५ कि.मी. पायी, सोपा रस्ता." आत्या तेव्हा सदुसष्ट वर्षांची. रोज सकाळी वसाहतीतल्या बागेला फेऱ्या घालून चार किलोमीटर चालणारी. तिने पत्रक वाचले, हिशेब केला आणि म्हणाली, "पाच ना? मग मला घोडा नको नि डंडीही नको. पायीच जाईन. देवाला पायी गेलेलं बरं."

पहिला टप्पा ती चांगली चालली. मग चढ लागला, पायऱ्या लागल्या. त्या पायऱ्याही घरातल्या जिन्यासारख्या एका मापाच्या नाहीत, एक वीतभर तर एक गुडघाभर. वरून घोडी उतरत होती. त्यांना वाट द्यायची तर कड्याच्या बाजूला अंग चोरून उभे राहायचे. तीन तासांत निम्मी वाट झाली आणि एका वळणावर ती खाली बसली. गुडघा सुजला होता. डंडीवाले येत-जात होते, पण प्रत्येक डंडीत कोणी ना कोणी बसलेले. मी तिला घेऊन खाली आलो. बाकीचे तीस जण दर्शन घेऊन आले, त्यांनी प्रसाद आणला. उन्हाळ्याची सुट्टी, पोरांची लग्ने, सासूबाईंचे आजारपण या सगळ्यातून बावीस वर्षे लांबत आलेले तिचे यमुनोत्री असे अर्ध्यावर राहिले.

ती कोणावर चिडली नाही. बसमध्ये एवढेच म्हणाली, "त्याने अंतर सांगितलं रे. वाट कुठे सांगितली? खालीच कळलं असतं तर खालीच डंडी केली असती."

आत्याचे, म्हणजे आमच्याच घराचे, मूळ गाव कर्जत तालुक्यात, खांडसच्या बाजूला. ज्यांनी सह्याद्रीत भटकंती केली आहे त्यांना खांडस माहीत असेल. तिथून भीमाशंकरला चढायला दोन वाटा आहेत. एक गणेश घाट, दुसरी शिडी घाट. गणेश घाट लांबचा, वळणे घेत हळूहळू चढणारा, वाटेत गणपतीचे देऊळ. शिडी घाट जवळचा, पण मध्ये उभ्या कातळाला शिड्या लावलेल्या. आत्या लहानपणी शिवरात्रीला आजीबरोबर जायची ती गणेश घाटाने. नऊवारी नेसलेल्या बाईने, कडेवर मूल असलेल्याने आणि ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याने गणेश घाटाने जायचे, हे गावात कोणी कोणाला समजावून सांगत नसे. नावातच सगळे आले. शिडी घाटात शिडीचा भाग म्हणाल तर सगळ्या चढणीच्या मानाने थोडासाच. पण घाटाला नाव पडले ते त्या थोड्या भागावरून, कारण जो अडणार तो तिथेच अडणार.

मी परतल्यावर हाच धागा धरला. सह्याद्रीतल्या घाटवाटांची नावे काढून पाहिली तर निम्मी नावे म्हणजे वाटसरूला दिलेली सूचनाच. निसणीची वाट म्हटले की शिडी आली, कारण निसण म्हणजे शिडी. नाळ म्हटले की दोन कड्यांमधली दगडगोट्यांनी भरलेली घळ आली. लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ ज्यांनी उतरली आहे त्यांना त्या एका शब्दाचा अर्थ गुडघ्यांनी समजला आहे. आणि सगळ्यांत नामी नाव महाबळेश्वराहून पारकडे उतरणाऱ्या रडतोंडीच्या घाटाचे. १६५९ साली अफझलखानाचा लवाजमा वाईहून जावळीच्या खोऱ्यात उतरला तो याच बाजूने. उतरताना तोंड रडवेले होते, असे ज्या घाटाचे नावच सांगते, त्या घाटाला "सोपा रस्ता" असे पत्रक कोण चिकटवणार?

नावांखेरीज वाटेच्या जातीही होत्या. गाडीवाट, बैलवाट, घोडवाट, पायवाट. यांत वाटेची लांबी नाही, रुंदी नाही, चढही नाही. आहे ते एवढेच, की इथून कोण जाऊ शकतो. लादलेला बैल जिथून जातो तिथे पायऱ्या गुडघाभर उंचीच्या नसणार, वळण अगदी काटकोनात नसणार, आणि वाट निदान पाठीवरच्या गोणींच्या रुंदीची असणार. हे सगळे "बैलवाट" या एका शब्दात बसते, आणि ज्याला बैलाची चाल माहीत आहे त्याला पुढे काही विचारावे लागत नाही. शिवाय एक प्रश्न खेड्यात आजही विचारतात, "औंदा वाट चालू हाय का?" कारण पावसाने दरड येते, रान माजते, माणसे जायची बंद होतात आणि वाट "मोडते". मोडलेली वाट नकाशावर तशीच असते. जमिनीवर नसते.

जुन्नरकडून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात वाहता होता. लेण्यातल्या लेखामुळे आणि तोंडाशी असलेल्या दगडी रांजणामुळे तो सर्वांना माहीत आहे. रांजण जकातीचा म्हणून सांगतात. पण लेणे पाहून झाल्यावर खाली उतरताना पायाखाली बघावे. अरुंद खिंडीत जागोजाग दगड बसवून चाल केलेली आहे. जकात घ्यायची तर व्यापारी आला पाहिजे, व्यापारी यायचा तर त्याच्या जनावराचा पाय घसरता कामा नये, इतका तो सरळ हिशेब आहे.

उलटा हिशेबही आपल्याकडे होताच. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. त्यात किल्ल्यांविषयी जे लिहिले आहे ते या विषयाच्या नेमके विरुद्ध टोकाचे आहे. गडाची वाट सुगम असू नये, असलीच तर ती मोडून अवघड करावी, झाडी वाढवावी असा त्याचा रोख. वाटेची खरी माहिती ही तेव्हा शस्त्रासारखी चीज होती. ती आपल्या माणसाला द्यायची आणि शत्रूपासून लपवायची. आपल्याकडे घाटवाटांची लेखी वर्णने जुन्या काळातली फारशी हाती लागत नाहीत याचे एक कारण हेही असावे, असे मला वाटते. ज्याला गरज त्याला तोंडी सांगितले की झाले, आणि कोणाला सांगायचे हे सांगणाऱ्याच्या हातात.

ती लिहून काढली इंग्रजांनी. जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेअर जनरल. त्याने १७७८ मध्ये बंगाल आणि बिहारमधल्या रस्त्यांच्या वर्णनाचे अख्खे पुस्तकच छापले. मुंबई इलाख्याचे काम पुढे जेम्स कँपबेल याच्या देखरेखीखाली निघालेल्या जिल्हावार गॅझेटियरमध्ये झाले. १८८० च्या दशकातले पुणे, ठाणे, कुलाबा, सातारा हे खंड उघडावेत. घाटांची यादी येते, एकामागून एक, आणि प्रत्येकापुढे तीच चौकशी. इथून गाडी जाते का, लादलेला बैल जातो का, की फक्त पायी माणूस? कुठे पाणी आहे, वरचे गाव कोणते, खालचे कोणते, कोणता माल उतरतो. वाचता वाचता मला हसू आले. साहेबाने टेबलाशी बसून लिहिले, पण प्रश्न आमच्या खांडसच्या म्हातारीचेच. अर्थात त्याला ही माहिती पलटणी हलवायला आणि सारा वसूल करायला हवी होती, म्हातारीच्या शिवरात्रीसाठी नव्हे.

बोरघाटाची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेलस्लीला तोफा वर चढवायच्या होत्या म्हणून तिथली चाल सुधारली. तरी व्यापाऱ्याची गाडी काही वर जात नव्हती. गाडीतला माल पायथ्याशी उतरवून बैलांवर लादायचा, वर नेऊन पुन्हा गाडीत भरायचा. १८३० मध्ये सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत गाडीरस्ता खुला झाला आणि मग मुंबई-पुणे सरळ चाकावर आले. अंतर तेच, मुंबई तिथेच, पुणेही तिथेच. बदलली ती वाटेची जात. बैलवाटेची गाडीवाट झाली.

आता आपल्या दिल्लीकडे येऊ. आपल्यातल्या प्रत्येकाने नातवंडांना घेऊन प्राणिसंग्रहालय पाहिले आहे, पण तिथल्या आवारात उभा असलेला विटांचा जाड मनोरा किती जणांनी पाहिला आहे? पोरे वाघाकडे ओढतात, मनोरा राहून जातो. तो कोसमिनार. बादशहाच्या हमरस्त्यावर दर कोसाला एक असे हे मिनार होते. हरियाणात कर्नालच्या बाजूला गाडीतून जाताना शेतात उभे दिसतात तेही तेच. जहांगीराने १६१९ मध्ये आग्रा ते लाहोर या वाटेवर दर कोसाला मिनार आणि दर तीन कोसांना विहीर असा हुकूम काढला होता. अकबराच्या वेळी कोस पाच हजार गजांचा ठरवला होता, कारण मुलुखामुलुखात कोस लहानमोठा होता आणि कोणाचा कोस कोणाला लागू नव्हता.

हमरस्त्यावर मिनार पुरेसा होता. सपाट मैदान, दुतर्फा झाडे, ठरावीक अंतरावर विहीर आणि सराई. तिथे अंतर सांगितले म्हणजे वाट सांगितलीच. माझ्या मते आपल्या प्रवास कंपनीवाल्याची चूक इथलीच आहे. त्याने मैदानातले माप डोंगराला लावले. कोसमिनाराची भाषा घेऊन तो यमुनोत्रीला गेला.

आणि यमुनेचे नाव निघालेच आहे तर संपादकांची क्षमा मागून दोन परिच्छेद पानिपतचे. मी टाळायचा प्रयत्न केला, पण विषयच तिकडे वळला.

आपल्या भाषेत "उतार" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक डोंगराचा उतार. दुसरा नदीचा, म्हणजे जिथून पायी किंवा घोड्यावर नदी ओलांडता येते ती जागा. "नदीला उतार आहे का?" हा प्रश्न जुन्या काळी प्रत्येक मजलीला विचारला जाई. १७६० च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली तेव्हा यमुना दुथडी भरून वाहत होती. अब्दाली पलीकडे, मराठे अलीकडे, मध्ये पाणी. ऑक्टोबरात भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेले, १७ ऑक्टोबरला ते ठाणे घेतले. पाणी अजून पुरते ओसरले नव्हते, आणि इतक्यात नदी कोणी ओलांडणार नाही असा हिशेब होता. अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ उतार शोधला, काही माणसे वाहून गेली तरी फौज घातली, आणि २५-२६ ऑक्टोबरला तो अलीकडे आला. मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. पुढचे १४ जानेवारी १७६१ पर्यंतचे तुम्हाला पाठ आहे.

त्या फौजेबरोबर यात्रेकरूही होते, बायका-मुले होती, हे विसरून चालत नाही. कुरुक्षेत्र, हरद्वार घडेल म्हणून निघालेली माणसे. त्यांच्याजवळ वाटेचे वर्णन काय होते? फौज आहे, तेव्हा वाट सुरक्षित आहे, एवढेच. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये पेणजवळच्या वरसईहून उत्तरेला निघाले तेव्हाही वाटेची बातमी त्यांना मिळाली ती महूच्या आसपास भेटलेल्या शिपायांकडून, आणि ती ऐकूनही ते पुढे गेले. "माझा प्रवास" पुढे १८८३ मध्ये लिहिला गेला आणि १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला, म्हणून आपल्याला ते कळते. असो. पानिपत संपले.

डोंगराची वाट डोंगरी मापाने मोजणारा माणूस मला भेटला तो आपल्या इथून फार लांबचा नाही. नैनसिंह रावत, कुमाऊंतल्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा. जन्म १८३०. गावच्या शाळेत शिक्षक, म्हणून त्याला पंडित म्हणत. तिबेटात परक्याला, विशेषतः गोऱ्याला, प्रवेश नव्हता. सर्व्हे खात्यातल्या कॅप्टन माँटगोमेरीने युक्ती काढली की तिथे ये-जा करणाऱ्या पहाडी माणसांनाच मोजणी शिकवायची. १८६३ पासून नैनसिंह आणि त्याचा भाऊबंद मणिसिंह यांची तालीम डेहराडूनला झाली.

तालीम कसली, तर चालण्याची. पाऊल नेहमी सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. चढावर लहान नाही, उतारावर मोठे नाही. दोन हजार पावलांचा एक मैल. मोजायला हातात जपमाळ. आपल्या माळेत १०८ मणी असतात, याच्या माळेत शंभर. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. बघणाऱ्याला वाटावे की भाविक जप करत चालला आहे. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या कागदाऐवजी नोंदींच्या पट्ट्या. पारा कवड्यांमध्ये लपवलेला. १८६५ च्या जानेवारीत ते डेहराडूनहून निघाले. नैनसिंह नेपाळमार्गे तिबेटात शिरला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. सगळी चाल मिळून सुमारे १२०० मैल, म्हणजे चोवीस लाख पावले, एकेक मोजलेली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. आपल्या टपाल खात्याने २००४ मध्ये त्याचे तिकीट काढले. माझ्याकडे आहे ते.

पण मला त्याच्या सामानातली सर्वांत आवडलेली वस्तू माळ नव्हे, तापमापक. मुक्कामाला पोहोचला की तो पाणी उकळायचा. बघणाऱ्याला वाटणार चहाचे आधण. समुद्रकाठी १०० अंशांना उकळणारे पाणी वर जावे तसे कमी अंशाला उकळते, ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी. केदारनाथला वरण शिजत नाही असे आपल्या बायका म्हणतात, त्याचे हेच शास्त्र. आधणाच्या तापमानावरून नैनसिंहाला मुक्कामाची उंची कळायची. म्हणजे त्याच्या वहीत प्रत्येक मजलीला दोन आकडे पडत. किती चाललो आणि किती चढलो. शिवाय खिंड कुठे, नदी कशाने ओलांडायची, गाव कुठे, मठ कुठे. माँटगोमेरीच्या नावाने पश्चिम हिमालयातल्या मार्गांचे जे पुस्तक आहे आणि केनेथ मेसनने १९२२ मध्ये ज्याची सुधारलेली आवृत्ती काढली, त्यामागे अशा पायी मोजणाऱ्यांची हाडे झिजली आहेत.

दोन आकडे. आत्याच्या पत्रकात एकच होता.

दुसरा आकडा असता तर काय झाले असते याचा हिशेब मी नंतर केला. त्यासाठी स्कॉटलंडचे एक गृहस्थ कामाला आले. विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये गिर्यारोहकांसाठी एक साधा नियम मांडला. दर तीन मैलांना एक तास धरा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. जानकी चट्टी ते यमुनोत्री चढ सुमारे सहाशे मीटर, म्हणजे साधारण दोन हजार फूट. चाल पाच-सहा किलोमीटर, म्हणजे तीन मैल आणि थोडे वर. तेव्हा चालण्याचा एक तास आणि चढण्याचा एक तास. निम्मे कष्ट अंतराचे आणि निम्मे उंचीचे. आत्याने बागेतल्या चार किलोमीटरवरून हिशेब केला तो यातल्या निम्म्याच कष्टांचा. बरे, हा नियम तगड्या स्कॉटिश माणसाचा, विरळ हवा न धरता केलेला. आपल्या सदुसष्ट वर्षांच्या बाईला दुप्पट नाही, तिप्पट धरावा. गढवाली लोक याला उकाळ आणि उंदार म्हणतात, चढ आणि उतार. त्यांना वाट विचारली तर आधी उकाळ किती ते सांगतात, कोस मागून. आपण मात्र त्यांनाही "कितना किलोमीटर?" असेच विचारतो, आणि मग तेही शहाण्यासारखे "बस, पास ही है" म्हणतात.

पण नेस्मिथचा नियम सगळ्या वाटेची सरासरी काढतो आणि आत्या सरासरीवर अडली नव्हती. ती एका वळणावर अडली. याचे उत्तर मला अमेरिकेतल्या नियमांत सापडले, आणि ते वाचून खांडसची आठवण झाली. २०१३ मध्ये तिथे केंद्र सरकारच्या जमिनींवरच्या नव्या पायवाटांसाठी नियम झाले, मुख्यतः चाकाच्या खुर्चीवरच्या लोकांचा विचार करून. सुगम वाटेच्या तोंडाशी जी पाटी लावायची तिच्यावर काय असावे हे ठरवून दिले. वाटेची लांबी. पायाखाली काय आहे, माती, खडी की डांबर. रुंदी साधारण किती, आणि सर्वांत अरुंद जागी किती. चढ साधारण किती, आणि सर्वांत उभ्या जागी किती. आडवा उतार किती, तोही तसाच, साधारण आणि कमाल. आडवा उतार म्हणजे वाट एका बाजूला कललेली असणे. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही, पण खुर्चीचे चाक सारखे त्या बाजूला ओढते आणि ढकलणाऱ्याचे मनगट दुखून येते.

पाटीवर "सोपी" किंवा "अवघड" लिहा असे हा नियम म्हणत नाही. कोणासाठी सोपी ते ज्याचे त्याने ठरवावे, आपण खरे आकडे द्यावेत. आणि ती "सर्वांत अरुंद जागी", "सर्वांत उभ्या जागी" ही मागणी पाहा. शिडी घाटाला शिडीवरून नाव देणाऱ्या माणसाने हेच केले होते.

या पाटीत मला एकच उणीव दिसते, ती तारखेची. तिथल्या सपाट रानात ती जाणवत नसेल, हिमालयात जाणवते. जून २०१३ मध्ये केदारनाथला जे झाले ते सांगायला नको. रामबाडा नावाचा पडाव होता, गौरीकुंडहून निघालेले लोक तिथे चहा घेत, तो नकाशावरून पुसला गेला. चौदा किलोमीटरची जुनी वाट मोडली, रामबाड्याच्या पुढे नदीच्या दुसऱ्या काठाने नवी केली आणि चाल सोळा किलोमीटरच्याही पुढे गेली. त्यानंतर कितीतरी वर्षे लोकांच्या घरातल्या मार्गदर्शक पुस्तकांत चौदा किलोमीटरच होते. ते पुस्तक खोटे नव्हते, जुने होते. औंदा वाट चालू हाय का, हे पुस्तकाला विचारता येत नाही.

आत्या पुन्हा यमुनोत्रीला गेली नाही. मी दोनदा म्हटले, डंडी आधीच ठरवू, मी बरोबर राहतो. "झालं तेवढं पुरे," म्हणाली. आता ती चौऱ्याऐंशीची आहे, घरात काठीवर चालते आणि बाहेर चाकाच्या खुर्चीत. गेल्या वर्षी आरतीला ये म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी तिला फोन केला. "आजी, काही त्रास नाही, यायला एकदम सोपं आहे," असे तो मुलगा प्रेमाने म्हणाला. ती आली नाही. का, असे मी विचारले, तर म्हणाली, "सोपं आहे असं मला एकदा छापून दिलं होतं."

म्हणून यंदा मूर्ती यायच्या आधल्या रविवारी मी मंडपात गेलो. आजीची जपमाळ खिशात होती, आठ मणी सोडून द्यायचे असे ठरवले. लोकांनी पाहिले, पण गणपतीच्या मंडपात जप करत फिरणाऱ्या म्हाताऱ्याला कोण हटकणार? सजावट समितीच्या मुलांनी शिडी आणि पाण्याची पातळी बघायची नळी दिली. जे मोजले ते संपादकांनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर छापायचे कबूल केले आहे. ते असे:

"मुख्य फाटकापासून मंडपापर्यंत १९० पावले. पहिली १२० सिमेंटची, पुढची ७० गवतावरची. पाऊस पडला तर गवताचा भाग चिखलाचा होतो, त्यावर फळ्या टाकू, पण फळ्यांवरून खुर्ची एकाच बाजूने जाईल. रुंदी सगळीकडे दोन माणसांची, फक्त जनरेटरजवळ एकाची, तिथे खाली वायर आहे, रबरी पट्टीखाली झाकलेली, उंची दोन बोटे. सभागृहाला चार पायऱ्या, प्रत्येकी वीतभर. कठडा येताना उजव्या हाताला. मागच्या बाजूने पायऱ्यांशिवाय उतरण आहे, पण आरतीनंतर प्रसादाची रांग तिथेच लागते, तेव्हा आठच्या आधी किंवा साडेनऊनंतर. स्वच्छतागृहाला एक पायरी. ही मोजणी मूर्ती यायच्या आधीच्या रविवारची."

हे मी आत्याला फोनवर वाचून दाखवले. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "येताना कठडा उजव्या हाताला, म्हणजे जाताना डाव्या हाताला. माझा डावा खांदा धरलाय. ते लिहिलंस का?"

लिहिले नव्हते. आता लिहिले आहे.